शौर्याचं की ड्युटीचं: एका वायुसेना पदकाची कहाणी

मित्रांनो, मी एक वायुसेना पदक आहे. अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात हिवरखेड नावाचं मोठं गाव आहे. तिथल्या धर्मेंद्र खंडारे याच्या घरी, लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात मी राहतो. माझ्या एका बाजूला रेशनकार्ड, दुसऱ्या बाजूला थर्मामीटर आणि खालच्या कप्प्यात धर्मेंद्रच्या आईच्या, म्हणजे इंदूबाईंच्या, ठेवणीतल्या साड्या. त्यामुळे माझ्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास येतो. देशाच्या पदकाला असा वास यावा की नाही, मला ठाऊक नाही. मला तो आवडतो. आणि हो, धर्मेंद्र पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, तरी मी त्याला अरेतुरे करतो. छातीवर राहिलेल्याला तेवढा हक्क असतो.

मी चांदीचा आहे. पाच टोकांची चांदणी, मध्ये राजमुद्रा, पाठीवर पंख पसरलेला गरुड. मला अडकवलेली फीत राखाडी आणि केशरी रंगाच्या तिरप्या पट्ट्यांची. माझा जन्म टांकसाळीत झाला. जन्म म्हणजे काय, चांदीची पट्टी कापली, चकती तापवली, साच्यात ठेवली आणि वरून असा दणका बसला की एका क्षणात पोटावर राजमुद्रा आणि पाठीवर गरुड उमटला. मग घासलं, पुसलं आणि डबीत घातलं. त्याच साच्यातून निघालेले माझे पुष्कळ भाऊ होते. डबीतल्या अंधारात आम्हाला बोलायला एकच विषय असे. आपण कुणाच्या छातीवर जाणार? विमान पेटलं आहे, खाली शत्रू आहे, वैमानिक मागे फिरत नाही, आणि शेवटी बँड वाजतो नि आपण त्याच्या छातीवर जाऊन बसतो, अशी स्वप्नं आम्ही पाहत होतो. डबीत पडून शौर्याची स्वप्नं पाहायला काहीच लागत नाही, हे तेव्हा कळत नव्हतं.

एके दिवशी माझ्या कडेवर बारीक अक्षरांत नाव कोरलं गेलं. नंतर हवाई दलाच्या एका तळावर समारंभ झाला. मखमली उशीवर मी आणि माझा एक भाऊ शेजारी शेजारी बसलो होतो. भावाच्या मानकऱ्याचं नाव पुकारलं तेव्हा त्याआधी शब्द आला, ‘शौर्य’. माझ्या वेळी शब्द आला, ‘कर्तव्यनिष्ठा’.

मित्रांनो, हे तुम्हाला सांगायला हवं. वायुसेना पदक दोन कारणांनी देतात. कुणाला शौर्यासाठी, कुणाला कर्तव्यनिष्ठेसाठी. पदक तेच, फीत तीच, गरुड तोच. फरक असतो तो सोबतच्या कागदावर. पण त्या उशीवर बसल्या बसल्या मला वाटलं, कुणीतरी माझ्या पाचांतलं एक टोक मोडून घेतलं.

धर्मेंद्र तेव्हा हेलिकॉप्टरवर फ्लाइट इंजिनीअर होता. वैमानिक हेलिकॉप्टर चालवतो आणि हा माणूस त्याच्या मागे बसून यंत्राचं म्हणणं ऐकतो. कागदावर लिहिलं होतं की पूर्वेकडच्या एका राज्यातल्या महापुरात, चार दिवसांत एक्केचाळीस जणांची सुटका करणाऱ्या पथकात त्याने असाधारण कर्तव्यनिष्ठा दाखवली. खरंखोटं मला ठाऊक नव्हतं. मी तिथे नव्हतोच. पदकं नेहमी नंतर येतात.

समारंभाला हिवरखेडहून इंदूबाई आणि बुधाजी आले होते. बुधाजी म्हणजे धर्मेंद्रचे वडील. त्यांनी उभा जन्म जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या होत्या. इंदूबाईंनी मला तळहातावर घेऊन वजन पाहिलं.

“चांदी खरी आहे ना रे धर्मा?”

“खरी आहे माय.”

“मंग ठीक.”

बुधाजींनी मला उलटं करून बराच वेळ न्याहाळलं. “हे घार व्हय का?”

“गरुड आहे बाबा.”

“बरा दिसून राह्यला,” ते म्हणाले, आणि टोपीच्या काठाने डोळे पुसले. पुढे दोन वर्षांनी बुधाजी गेले. त्यांच्या हाताचे घट्टे मला अजून आठवतात. टांकसाळीनंतर इतका खरखरीत स्पर्श मला कुणाचा झाला नव्हता.

रोजच्या गणवेशावर आमच्या फितीचा छोटा तुकडाच लावतात. म्हणून एका सुट्टीत धर्मेंद्रने मला आईजवळ ठेवायला दिलं आणि तो नोकरीवर परत गेला. इंदूबाईंच्या हाती मी लागलो आणि माझं आयुष्य एकदम रंगीत झालं.

त्या मला पदराच्या गाठीत बांधून चक्कीवर नेत. दळण होईपर्यंत तिथे जमलेल्या बायांना पुराची गोष्ट सांगत. पहिल्या वेळी माणसं एक्केचाळीस होती. दिवाळीपर्यंत ती शंभर झाली. मग अंजनगाव सुर्जीला धर्मेंद्रच्या बायकोच्या, मायाच्या, माहेरी लग्न निघालं. इंदूबाईंनी मला सेफ्टी पिनने थेट शालूवर लावलं आणि पंगतीत बसल्या. तिथे माणसं चारशे झाली. धर्मेंद्र एका हाताने दोरीला लोंबकळत होता आणि त्याच्या दुसऱ्या हातात एक म्हैस होती.

म्हैस मला जरा जास्त वाटली. पण पंगतीतल्या बायांनी हातातला घास हातातच धरला होता. आणि खरं सांगतो मित्रांनो, मला ते आवडायला लागलं होतं. कर्तव्यनिष्ठेचा कागद घरी होता, आणि इकडे मांडवात मी शौर्याचा झालो होतो.

धर्मेंद्र निवृत्त होऊन गावी आला. घराच्या पुढच्या खोलीत त्याने मोटारपंप दुरुस्तीचं काम सुरू केलं. बिघडलेल्या पंपाला कान लावून, डोळे मिटून बसला की गिऱ्हाईकसुद्धा हळू आवाजात बोलायचं. माया अंगणवाडीत जायची. आईची गोष्ट त्याच्या कानावर आली तेव्हा तो ओशाळला. “माय, म्हैस नव्हती वो,” एवढंच म्हणाला. इंदूबाई म्हणाल्या, “तुले काय आठवते, तू त वर होता.” तो पुन्हा पंपाला कान लावून बसला.

शेजारी नत्थुजी राहत. ते वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. अंगाने काटकुळे, बोलायला सरळ, आणि वाचायला मिळालं तर औषधाच्या बाटलीवरचा कागदही सोडत नसत. एका सकाळी धर्मेंद्र पंप खोलून बसला होता आणि इंदूबाई एका गिऱ्हाइकाला गोष्ट सांगत होत्या. नत्थुजींनी भिंतीवर टांगलेला पदकाचा कागद पाहिला. चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचला.

“इंदूबाई, याच्यात त शौर्य कोठीच नाही. कर्तव्यनिष्ठा लिवलं आहे. म्हंजे ड्युटी.”

“त ड्युटी का लहान असते?”

“लहान नसते. पण मीबी तेहतीस वर्ष ड्युटीच केली. झडीत खांबावर चढलो, वादळ-वावधनात चढलो. मले कोनं बिल्ला देल्ला?”

“तुमी म्हैस वाचवली का येखांदी?”

“तुमच्या धर्मानं तरी वाचवली का?”

गिऱ्हाईक हसलं. धर्मेंद्रने मान वर केली नाही, पण त्याचे कान लाल झालेले मी कपाटाच्या फटीतून पाहिले. त्या दिवसापासून दोन घरांत बोलणं बंद झालं. नत्थुजींच्या बायकोने, आशाबाईंनी, पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्श्याची वाटी पाठवली, ती इंदूबाईंनी झाकण न उघडता परत केली. आता पातोडीचा काय दोष? पण राग आला की माणसं भाजीशीसुद्धा बोलत नाहीत.

एवढ्यावरच राहिलं असतं तर ठीक होतं. पण गावच्या शाळेत नवीन सभागृह बांधून झालं. मुख्याध्यापक केशवराव मोठे उत्साही गृहस्थ. त्यांनी ठरवलं की सव्वीस जानेवारीला सभागृहाला ‘शौर्यवीर धर्मेंद्र खंडारे’ यांचं नाव द्यायचं. धर्मेंद्र नको नको म्हणत होता, तोवर अकोल्याहून बॅनर छापूनही आलं. त्यावर एक पिळदार माणूस दोरीला लोंबकळत होता. डोकं धर्मेंद्रचं होतं, धड कुणा दुसऱ्याचंच. खाली लिहिलं होतं, ‘चारशे जीव वाचवणारा हिवरखेडचा वाघ’. म्हैस मात्र केशवरावांनी गाळली होती.

नत्थुजींनी बॅनर वाचलं आणि चौकात सांगून टाकलं, “मी उभा राहून इचारीन. पोराइले खोटं शिकवू नोका.”

ही गोष्ट तुम्हाला गमतीची वाटेल. पण त्या घरात ती गमतीची नव्हती. इंदूबाईंनी याच शाळेत बारा वर्षं पोरांसाठी खिचडी शिजवली होती. शाळेतले सगळे कार्यक्रम त्यांनी स्वयंपाकाच्या शेडमधून, धुरातून डोकावून पाहिले होते. आता केशवराव स्वतः घरी येऊन सांगून गेले होते की पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुमची. त्यांनी साडी काढून ठेवली होती. दोनदा घडी मोडून पुन्हा घातली होती.

आदल्या संध्याकाळी धर्मेंद्र मला मऊ कापडाने पुसत बसला. माया जवळ येऊन बसली.

“तुमी सांगून टाका उद्या, खरं काय ते.”

“मायचं तोंड पाह्यलं का? बारा वर्ष चुलीपाशी बसली ते तिथं. उद्या पहिल्या रांगेत बसून राह्यली.”

माया मग म्हणाली, “मंग त्याइले खोट्यावर कावून बसवता?”

धर्मेंद्र मला पुसतच राहिला. मी केव्हाच चकचकीत झालो होतो, पण त्याचं बोट थांबेना. माझ्या मनात काय होतं, तेही सांगतो. मला वाटत होतं, याने गप्प राहावं. एक दिवस तरी पोरांनी मला शौर्याचं पदक म्हणावं.

सव्वीस जानेवारीला सभागृह भरून गेलं. पोरं खाली सतरंज्यांवर, गाव मागे उभं. इंदूबाई मधल्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. मी धर्मेंद्रच्या कोटावर, डाव्या बाजूला. केशवरावांचं भाषण संपलं आणि धर्मेंद्र माइकपाशी जातो तोच मागून नत्थुजी उभे राहिले.

“येक इचारू का? हे पदक शौर्याचं आहे का ड्युटीचं?”

केशवराव घाईने म्हणाले, “नत्थुजी, प्रश्न नंतर...”

“राहू द्या गुरुजी,” धर्मेंद्र म्हणाला. त्याचं काळीज माझ्या पाठीमागे धाडधाड उडत होतं. पण आवाज त्याचा रोजचाच होता, पंपाचा बिघाड समजावून सांगावा तसा. “नत्थुजीनं वाचलं ते बरोबर आहे. ड्युटीचंच आहे. दोरीले मी लोंबकळलो नाही. दोरीवरून खाली जाणारा जवान दुसरा होता. मी दारात बसून दोर वर-खाली करायचं बटन दाबत होतो. माणसं चारशे नव्हती. एक्केचाळीस होती, अन तेबी तीन हेलिकॉप्टरनं मिळून काढले.”

इंदूबाईंनी मान खाली घातली. मी मनातल्या मनात काळा पडलो.

“पण पोरहो, तुमी शौर्याचं ऐकाले बसले आहा, त येक गोष्ट सांगतो. हे कागदावर नाही. हे शौर्य आहे का नाही, मले अजून समजलं नाही. तुमीच सांगा.”

आणि त्याने जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं.

पुराचा चौथा दिवस होता. एका शाळेच्या गच्चीवर नऊ माणसं उरली होती. आधीच्या खेपेत हेलिकॉप्टर भरलं होतं, म्हणून धर्मेंद्रने दारातून त्यांना हाताने खूण केली होती, आत्ता येतो. तळावर उतरून त्याने नेहमीप्रमाणे यंत्र तपासलं. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये तेलात एक चुंबकाची खुंटी असते. आत काही झिजत असेल तर लोखंडाचा कण तिला येऊन चिकटतो. त्या दिवशी एक कण चिकटला होता. तिळाएवढा. कधी कधी असा कण नुसताच येतो आणि यंत्र ठणठणीत असतं. कधी नसतं. खोलून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दुसरी दोन्ही हेलिकॉप्टरं लांबच्या गावांत गुंतली होती, आणि उजेड तासाभराचा उरला होता.

कॅप्टनसाहेब, म्हणजे हेलिकॉप्टरचे मुख्य वैमानिक, म्हणाले, “धर्मेंद्र, बस एक चक्कर. बीस मिनट का काम है. नौ लोग हैं वहाँ.”

धर्मेंद्रने त्यांच्याकडे पाहिलं. त्या कणाकडे पाहिलं. गच्चीवरची नऊ माणसं, हेलिकॉप्टरमधली चार. आणि म्हणाला, “नहीं, साहब.” मग त्याने यंत्राच्या वहीत लिहिलं, उडण्यास योग्य नाही, आणि खाली सही केली.

“सही करून खाली टाइमबी लिवला,” तो पोरांना म्हणाला. “त्या तळावर माह्याइतका भेलेला माणूस दुसरा नव्हता. उडून जाण्यात मले भेव नव्हतं. सगळेच उडत होते. पण रात्री पाणी गच्चीवर चढलं असतं, त नऊ जीव माह्या सहीनं गेले असते. कॅप्टनसाहेब चांगला माणूस. पण तोंड फिरवून बसला. माह्यापाशी कोनी येऊन बसलं नाही. पाणी रातभर चढत होतं. वीतभर खाली थांबलं.”

सकाळी दुसऱ्या हेलिकॉप्टरने नऊच्या नऊ माणसं आणली. त्यांतली एक म्हातारी खाली उतरताच धर्मेंद्रपाशी आली. खूण करणारा तोच, हे तिने ओळखलं होतं. तिने तिच्या भाषेत त्याला मनसोक्त झापलं. त्याला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. आठ दिवसांनी गिअरबॉक्स खोलला, तेव्हा आतलं बेअरिंग फुटून चुरा होत आलेलं निघालं. ते यंत्र त्या वीस मिनिटांत हवेतच थांबलं असतं.

“लोकाइले काढलं, त्याचं हे पदक आहे,” धर्मेंद्रने मला बोट लावलं. “त्या सहीचं नाही. देताबी येत नाही. जे झालंच नाही, त्याचा फोटो कोन काढन?”

मग एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. इंदूबाई उभ्या राहिल्या होत्या. आता त्या काय बोलतात म्हणून गाव कान देऊन राहिलं. मायाने पदर दातात धरला.

“धर्मा, त्या रात्री तू जेवला?”

“नाही माय.”

“मले कावून नाही सांगतलं इतके वर्ष?”

“सांगासारखं काय होतं? मी त काहीच नाही केलं.”

“काहीच नाही केलं म्हंते!” इंदूबाई वळल्या आणि अख्ख्या गावाला सामोऱ्या झाल्या. त्यांचा आवाज जरा फाटला, पण थांबला नाही. “गुरुजी, ते बॅनर काढा. ते चारशे माणसं म्या वाढवले होते. म्हैसबी माहीच. माह्या पोराची चूक नाही त्याच्यात.”

एवढं बोलून त्या पुन्हा त्याच मधल्या खुर्चीवर, तशाच ताठ बसल्या. मित्रांनो, मी टांकसाळीतून आलेला. कोणतं धैर्य किती तोळ्याचं, हे मला मोजता येत नाही. पण सगळ्या गावासमोर स्वतःची गोष्ट परत घेऊन पुन्हा पहिल्या रांगेत बसायला काय लागतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

नत्थुजी अजून उभेच होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“मीबी येकदा असंच केलं होतं,” ते हळूच म्हणाले. केशवरावांनी माइक त्यांच्याकडे पाठवला तर तो त्यांनी उलटा धरला, मग कुणीतरी सरळ करून दिला. “सरपंचाच्या घरी लग्न होतं अन लाइन गेली. बिघाड सापडला, दुरुस्त झाला. सगळे म्हणे, नत्थू, सोड लाइन. पण माहा जोडीदार डोमाजी खांबावर गेलता, अन उतरलो म्हणून त्याचा निरोप नाही आला. मी लाइन चालू नाही केली. पाऊण तास लोकाइनं मले शिव्या देल्ल्या. सरपंच म्हणे, तुले घरी बसवतो. जाऊन पाह्यलं त डोमाजी वरच होता, तारेपाशी. त्याचा मोबाइल खाली पडून फुटला होता. आता अमरावतीले पोराकडं राह्यते, नातू खेळवते.” ते थांबले. “हे म्या घरी आशालेबी नाही सांगतलं.”

“पाहा!” बायांच्या बाजूने आशाबाईंचा आवाज आला. “अन मी म्हणो, त्या दिवशी लग्नात जेवले कावून नाही!”

सभागृह असं हसलं की नव्या पत्र्यांवर बसलेली कबुतरं उडाली. बॅनर तिथल्या तिथे खाली उतरलं. सभागृहाला पुढे कुणाचंच नाव दिलं नाही. दुपारी पातोडीची वाटी पुन्हा आमच्या घरी आली, आणि या वेळी धुऊन, आत गूळ घालून परत गेली.

त्या दिवसानंतर मी विचार करत राहिलो. माझे भाऊ देशभर विखुरले आहेत. काही खरोखर आगीतून गेलेल्यांच्या छातीवर आहेत आणि त्यांना मी मान देतो. काही, नेमक्या वेळी नेमक्या ठिकाणी असलेल्यांच्या छातीवर आहेत. कागद लिहिणाऱ्याला जेवढं दिसलं, तेवढं त्याने लिहिलं. तो लबाड नव्हता. पण माणसाचं सगळ्यात अवघड काम कधी कधी अशा ठिकाणी होतं, जिथे कागद लिहिणारं कुणी नसतं. आम्ही खोटे नाही मित्रांनो, आम्ही अपुरे आहोत.

आता शेवटचं एक सांगतो, ते गेल्या फेब्रुवारीतलं. शाळेची सहल चिखलदऱ्याला निघाली होती. भाड्याची मिनीबस शाळेच्या दारात उभी, पोरं आत बसलेली, डबे मांडीवर. सातवीतली खुशी पायरीवरच थांबली. म्हणाली, “गाडी थांबली तवा ब्रेकचा कसातरी आवाज आला. मी नाही बसत. घाट आहे.”

ड्रायव्हर चिडला. पोरं ओरडली. केशवरावांनी समजावलं, मग आवाज चढवला. खुशीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती पायरीवरून हलली नाही. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने चाकं खोलली, सगळं पाहिलं. दोन तास गेले. आणि काहीही निघालं नाही. एक खडा अडकला होता, तो काढला, आवाज गेला, ब्रेक उत्तम होते. सहल उशिरा गेली, एक ठिकाण पाहायचं राहिलं आणि बसमध्ये खुशीशी कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरी आली. धर्मेंद्र पंपाचा नट आवळत होता. ती बराच वेळ दारात उभी राहिली.

“काका, तुमच्या वक्ती त बेअरिंग फुटेल निघालं. माह्या वक्ती काहीच नाही निघालं.”

धर्मेंद्रने पाना खाली ठेवला. “सही केली तवा मले कुठं माहीत होतं बेअरिंग फुटेल आहे म्हणून? आठ दिवसानं समजलं. नसतं फुटलं, तरीबी सही तेच होती.”

खुशीने डोळे पुसले. “मंग पुढच्या टायमालेबी इचारू?”

“इचार,” तो म्हणाला. “अन रागावले लोक त इकडं ये. चहा भेटन.”

त्याने हात धुतले, कपाट उघडलं आणि मला तिच्या तळहातावर ठेवलं. “पाह्य, वजन कमीच आहे,” म्हणाला. तिने मला उलटं करून गरुड पाहिला, आणि इंदूबाई आतून चहात साखर किती म्हणून विचारत राहिल्या.

म्हणून मित्रांनो, माझं एक मागणं आहे. कुणाच्या घरी पदक दिसलं तर त्याला हवेत काळं पडू देऊ नका, मऊ कापडाने पुसा. चांदीला तेवढी माया पुरते. पण ज्याचं ते पदक आहे त्याच्यापाशी थोडं बसा आणि विचारा, काका, काकू, यात लिहायचं काय राहून गेलं? आणि ज्यांच्या घरी कपाटात पदक नाही, त्यांच्याकडे आधी जा.